पोटातला दाब आणि छातीतली जळजळ

(बिलासपूर येथे गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून कॅरेज ॲण्ड वॅगनमध्ये लागलेला इंजिनीअर आहे. दोन वर्षांपूर्वी एंडोस्कोपी केली तेव्हा मला 'हायटस हर्निया' असल्याचे निघाले. त्यानंतर डॉक्टरांना विचारून जे समजले, ते आपल्या साध्या भाषेत सांगतो.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. त्यातल्या छिद्रातून अन्ननलिका खाली जठराकडे उतरते. हे छिद्र सैल झाले की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. मग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप नीट मिटत नाही आणि आम्ल वर येते. छातीत जळजळ, आंबट ढेकर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढणारा त्रास ही त्याची लक्षणे. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही.

यात वजनाचा संबंध काय? आपल्या ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो दाब असतो. कपलिंगमधला रबरी वॉशर झिजला की त्याच दाबाने हवा गळू लागते. सुटलेल्या पोटातली चरबी अशीच रात्रंदिवस खालून दाब देत असते. वाढते वय, जुना खोकला, बद्धकोष्ठता, गरोदरपण हीही कारणे आहेत आणि बारीक माणसालाही हा विकार होतो. पण वजन आपल्या हातातले आहे. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी. घरी टेप असतोच, आजच मोजा.

वजन उतरल्याने सैल छिद्र आवळत नाही, पण दाब उतरतो. माझे वजन ८८ किलोंवरून ७९ वर आले आणि रात्रीची जळजळ बहुतेक थांबली. जेवण आणि झोप यांत ३ तासांचे अंतर ठेवतो. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर ६ इंच उचलले आहेत. नुसत्या उशा रचू नका, पोट दुमडते. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. ऑपरेशन थोड्यांनाच लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. छातीत दुखले की 'गॅस झाला' म्हणत सोडा पिऊन ड्यूटीवर जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम किंवा धाप असेल, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा आणि आधी ईसीजी काढा. अन्न अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच झाल्यासही थांबू नका. वहिनींनो, घरचा माणूस ऐकत नसेल तर शेजाऱ्याला हाक मारा, पण त्याला न्याच.

लंबोदर हे नाव बाप्पालाच शोभते. प्रसादाचा एक मोदक आपण खावा, दुसरा शेजाऱ्याला द्यावा.

गणपती बाप्पा मोरया!