सीमेवरची नोकरी : धावायचे मुलांनी, कागद जपायचे घरच्यांनी

(गणेशोत्सवातील युवक मेळाव्यात केलेले भाषण)



खरे तर मला 'रेल्वेतील नोकरीच्या संधी' या विषयावर बोलायला सांगितले होते. पण गेली दोन वर्षे आरती संपली की मुले मला गाठतात आणि विचारतात, "काका, बीएसएफमध्ये भरती कशी होते?" म्हणून मी विषय बदलून घेतला. मी वर्दीतला माणूस नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, रुळांची देखभाल हे माझे काम. पण माझ्या भाच्याच्या भरतीत मी कागद घेऊन हिंडलो आहे आणि एक मोठी चूकही केली आहे. ती पुढे सांगतो.

कावेरीकाठी राहणाऱ्या आपल्याला सीमा फार दूर वाटते. पण आपल्याच तंजावर जिल्ह्यात, मल्लिपट्टिणमजवळ समुद्रकाठी दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधलेला मनोरा आहे. त्याच्यापुढे समुद्रात गेलात की भारत आणि श्रीलंकेची सागरी सीमा येते. ती १९७४ आणि १९७६ च्या करारांनी ठरली. तिथे तटरक्षक दल, नौदल आणि कस्टम्स यांचा पहारा असतो.

जमिनीवरच्या सीमा वेगवेगळ्या दलांकडे आहेत. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमेवर सीमा सुरक्षा दल म्हणजे बीएसएफ, चीनच्या सीमेवर आयटीबीपी, नेपाळ-भूतानकडे सशस्त्र सीमा बल आणि म्यानमारकडे आसाम रायफल्स. बीएसएफची स्थापना १ डिसेंबर १९६५ ची. त्याचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीत जन्मले होते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसेल. एकट्या बांगलादेशची सीमा ४,०९६ किलोमीटर आहे. नद्या, भातशेते, वस्त्या यांच्यामधून ती जाते.

तिथल्या जवानाचे काम सिनेमातल्यासारखे नसते. पावसाळ्यात आमचा ट्रॅकमन रात्री कंदील घेऊन रुळावर गस्त घालतो. शंभर रात्री काही घडत नाही, पण एकशे एकाव्या रात्री रुळाखालची माती वाहून गेलेली असते. सीमेवरची गस्त मला तशीच वाटते. चोरटे सोने, गुरे, नशेची औषधे पकडायची, माणूस पकडला तर त्याच्याशी कायद्याने वागायचे, जप्तीची यादी नीट करायची आणि पुढील कारवाईसाठी पोलिसांकडे किंवा कस्टम्सकडे सोपवायचे. इथे बसलेल्या गलाईवाल्या मंडळींना सोन्याची किंमत सांगायला नको. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या तरुणाच्या हातात रात्री दोन वाजता सोन्याची बिस्किटे येतात, तेव्हा त्याची खरी परीक्षा असते.

आता भरतीविषयी. शिपाई म्हणजे कॉन्स्टेबल (जीडी) या पदासाठी कर्मचारी निवड आयोग, म्हणजे एसएससी, परीक्षा घेतो. शिक्षण दहावी पास. वय १८ ते २३, राखीव गटांना सवलत. फी १०० रुपये, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना माफ. याहून जास्त पैसे कोणी मागितले तर तो ठग समजावा. संगणकावरची परीक्षा एका तासाची, ८० प्रश्नांची आणि १६० गुणांची असते. २०२४ पासून ती तमिळ आणि मराठीसह १३ प्रादेशिक भाषांतही होते. म्हणजे तमिळ माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांची मोठी अडचण दूर झाली. भाषेचा भाग मात्र हिंदी किंवा इंग्रजीचाच राहतो.

त्यानंतर धावणे. मुलांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, मुलींना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत. उंची मुलांना १७० सेंटिमीटर, मुलींना १५७. या नियमात मराठ्यांना सवलत आहे, ती १६५ आणि १५५ अशी. पण घरी मराठी बोलतो एवढ्यावर ती मिळत नाही, ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. जीडीसाठी चष्मा चालत नाही, म्हणून फॉर्म भरण्याआधी डोळे तपासून घ्या. आणि उत्सवाच्या उत्साहात उजव्या हातावर बाप्पा गोंदवून घेऊ नका. सलामीच्या हातावरचे गोंदण नडते. मुलींनी मागे राहू नये. २००९ साली बीएसएफच्या महिला शिपायांची पहिली तुकडी पंजाब सीमेवर उभी राहिली.

आता माझी चूक. माझा भाचा आज समोर बसला आहे, त्याच्या परवानगीने सांगतो. जन्म कुंभकोणमचा, शाळा तमिळ. भावोजी गलाईच्या धंद्यात, मूळ गाव सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात. फॉर्ममध्ये राज्याचा रकाना आला. मी म्हणालो, "अरे, आपण महाराष्ट्राचेच. महाराष्ट्र लिही." मुलगा परीक्षा पास झाला. पाच किलोमीटर बावीस मिनिटांत धावला. कागद तपासायची वेळ आली तेव्हा त्याच्याजवळ रहिवासाचा दाखला होता तमिळनाडूचा. जागा राज्यवार असतात, फॉर्ममधले राज्य आणि दाखला जुळावाच लागतो. नाव गेले. अधिकाऱ्यांचा दोष काडीचाही नव्हता, नियम जाहिरातीत छापलेला होता. मी वाचला नव्हता. पुढची भरती निघेपर्यंत त्याचे वय उलटून गेले.

त्या दिवशी घरी येऊन तो मला काही बोलला नाही. ताई एवढेच म्हणाली, "मग आपण कुठले रे?" तिला मी अजून उत्तर दिलेले नाही. गाव मनात कुठलेही असो, सरकारी रकान्यात दाखला ज्या राज्याचा तेच राज्य लिहायचे, एवढे तुम्हा सर्वांना हात जोडून सांगतो. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव, आधारवरचे नाव, वडिलांच्या नावाची अक्षरे, जन्मतारीख, हे आज रात्रीच ताडून पाहा. आपल्याकडे मराठी आडनाव तमिळमधून इंग्रजीत जाताना तीन प्रकारे लिहिले जाते. दुरुस्तीला महिने लागतात.

दार एकच नाही. कस्टम्समध्ये हवालदार हे पद आहे, तेही दहावीवर आणि एसएससीमार्फतच. वयोमर्यादा २७, चाचणी १६०० मीटर पंधरा मिनिटांत चालण्याची. तिरुच्चिरापल्ली विमानतळावर सोने पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो, ती याच खात्याची कामगिरी. भाचा आता त्याचा अभ्यास करतो आहे. माझ्यासारख्या डिप्लोमावाल्यांसाठी बीएसएफच्या इंजिनिअरिंग शाखेत सब-इन्स्पेक्टरची पदे अधूनमधून निघतात. सीमेवर रस्ते, चौक्या आणि दिवे लागतातच.

पालकांना दोन शब्द. शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर भत्ते. पण मुलगा दिवाळीला घरी येईलच असे नाही. बदल्या होतात, धोका आहे. हे त्याला आधी सांगा आणि तरीही तो हो म्हणाला तर त्याच्या पाठीशी उभे राहा.

उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला कावेरीच्या घाटाजवळ भाचा मुलांना धावायला नेणार आहे. फी नाही. येताना कागदांची फाईल मात्र आणा, ती मी तपासणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!