चार ओळींतील दीक्षाभूमी

(सनाबिस, बहरीन येथे केलेले भाषण)



आपल्या तरुणांनी धम्मस्थळांच्या प्रवासासाठी अ‍ॅप तयार करावयास घेतले असून, त्याच्या विजेटचा मजकूर लिहिण्याचे काम आम्हा वडीलधाऱ्यांकडे सोपविले आहे. विजेट म्हणजे अ‍ॅप न उघडताही मोबाईलच्या पहिल्या पडद्यावर दिसणारी लहानशी चौकट. तीत जेमतेम चार ओळी मावतात.

आमचा पहिला मसुदा फसला. प्रत्येक नोंद आम्ही 'परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या' अशी आरंभिली होती. पडद्यावर तेवढेच उमटले आणि पुढे तीन टिंबे! स्थळ नाही, दिनांक नाही. चिठ्ठीवर औषधाचे नाव व मात्रा आधी लिहिणारे आम्ही डॉक्टर येथे मात्र चुकलो. आदर शब्दसंख्येत नसून अचूकपणात आहे, हे तेव्हा उमगले. आता नोंद अशी आहे : 'महाड, चवदार तळे. २० मार्च १९२७. येथे बाबासाहेबांनी पाणी प्राशन करून समतेचा हक्क बजावला.' 'प्रेक्षणीय तलाव' हे शब्द आम्ही खोडून टाकले.

दुसरा प्रश्न तारखेचा. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. त्या दिवशी विजयादशमी होती. नागपूरचा मुख्य सोहळा मात्र अशोक विजयादशमीस भरतो. ती २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला, तर २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आली. 'सोहळ्यास इतके दिवस उरले' ही गणती १४ ऑक्टोबर धरून केली, तर वर्षाची रजा साठवून निघालेले कुटुंब मांडव उतरल्यावर पोहोचू शकेल. म्हणून ऐतिहासिक दिनांक आणि त्या वर्षीचा सोहळ्याचा दिवस, दोन्ही स्वतंत्रपणे द्यावेत. भारताची वेळ येथल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. तेव्हा 'भारतीय वेळ' हे शब्द गाळू नयेत. बॅटरी वाचविण्यासाठी विजेट क्षणोक्षणी ताजे होत नाही. गाडीच्या वेळेखाली 'शेवटची नोंद' केव्हाची, तेही लिहावे.

तिसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. ही चौकट शेजारच्या सहकाऱ्यालाही दिसते. काहींनी सुचविले की, केवळ 'नागपूर प्रवास' एवढेच लिहावे. या संकोचामागची वेदना आम्ही जाणतो. ज्यांना ते हवे, त्यांना तशी निवड असावी. परंतु आपण होऊन अ‍ॅपने 'दीक्षाभूमी' हेच नाव दाखवावे. ज्या भूमीवर आपण ताठ उभे राहिलो, तिचे नाव आपणच लपवावयाचे काय?

बंधू-भगिनींनो, चार ओळींत इतिहास मावत नाही. त्या वाचून आपले मूल विचारील, "येथे काय घडले?" त्याचे उत्तर घरातूनच मिळाले पाहिजे. त्याची तयारी आपण ठेवू या.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!