नांगरलेल्या नौकेची स्थिरता

समुद्रावरील सुखाची कल्पना करताना मनुष्याच्या डोळ्यांपुढे प्रथम गाद्यागिरद्या आणि झुंबरे येतात. परंतु नौका डोलू लागली की पंचपक्वान्नांचे ताटही नकोसे होते. श्रीमंतांच्या विहारनौका, म्हणजेच यॉट, बांधणाऱ्या अभियंत्यांना मोठी झुंज द्यावी लागली ती या डोलण्याशी.

पोलाद बनविण्याच्या पद्धतीच्या शोधामुळे कीर्ती पावलेल्या हेन्री बेसेमरला समुद्र फार बाधत असे. जहाज हलले तरी दिवाणखाना हलू नये, म्हणून त्याने अधांतरी तोललेले दालन असणारी आगबोट बांधविली. एक मनुष्य पाणसळीकडे पाहत यंत्राने ते दालन सावरणार, अशी योजना होती! १८७५ साली ती बोट कॅले बंदराच्या धक्क्यावर आदळली आणि प्रयोग गुंडाळला गेला. दालन सावरून जहाज कसे सावरणार?

ज्या श्रोत्यांनी बालपणी भोवरा फिरविला असेल, त्यांना पुढील युक्ती सहज उमजेल. वेगाने फिरणारे जड चाक आपला आस सहजासहजी बदलू देत नाही. जहाज एका कुशीवर कलले की असे चाक पुढेमागे झुकते आणि त्या झुकण्यातून कलण्यास विरोध करणारा जोर निर्माण होतो. जर्मनीत ऑटो श्लिक याने हे चाक जहाजावर बसविले. अमेरिकेतील एल्मर स्पेरी याने त्यास लहानशा पहारेकरी चाकाची जोड दिली. डोलण्याचा आरंभ होताच ते मोठ्या चाकाच्या मोटारीस इशारा देई. हँबुर्ग येथे १९३१ साली बांधलेल्या १३६ मीटर लांबीच्या ‘सावारोना’ या विहारनौकेवर स्पेरीचे असेच चाक होते. तुर्की सरकारने १९३८ साली ही नौका केमाल अतातुर्क यांच्याकरिता विकत घेतली. तेव्हा ते आजाराने खंगले होते. सुमारे सहा आठवडेच त्यांचा तिच्यावर मुक्काम घडला. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला त्यांचे देहावसान झाले.

पुढे जहाजाच्या कुशींना पाण्याखाली पाखे लावण्याची पद्धत रूढ झाली. पाखे हलके आणि सुटसुटीत खरे; पण त्यांचे बळ वाहत्या पाण्यावर अवलंबून. वेग निम्मा झाला की बळ चौथाईवर येते, आणि नांगर टाकला की काहीच उरत नाही. विहारनौका तर बराचसा काळ एखाद्या रम्य खाडीत नांगरूनच उभी असते! म्हणून आता पाखे माशाच्या परांसारखे स्वतःच हालविण्याची सोय करतात. जुने चाकही निर्वात पेटीत बसून परत आले आहे. हवेचा अडथळा नसल्याने ते मिनिटाला हजारो फेरे घेते.

दोन्हींना वीज मात्र अखंड लागते. वर पाहुणे निश्चिंत झोपलेले असतात, तेव्हा तळाच्या उष्ण यंत्रघरात जनित्र धडधडत असते आणि कानांवर आवरणे चढवून एखादा यंत्रज्ञ त्याच्या तेलाचा दाब पाहत असतो.