व्रण भरला, रोग राहिला



ज्या मुंबापुरीत र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून लैंगिक आरोग्याविषयी उघडपणे लिहिले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, त्या नगरीत आपणां सर्वांचे स्वागत करण्याचा बहुमान मला लाभला आहे.

उपदंशाचा जंतू १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी दाखविला, पुढच्याच वर्षी वासरमान यांची रक्तपरीक्षा आली, आणि १९४३ मध्ये महोनी यांनी पेनिसिलिनने रोगी बरे केल्यावर पारा व सोमल यांची सद्दी संपली. तरीही हा रोग हटला नाही, याचे कारण औषधांच्या उणिवेपेक्षा त्याच्या कपटी स्वभावात अधिक आहे. संसर्गानंतर सुमारे ३ आठवड्यांनी उठणारा व्रण बहुधा दुखत नाही, उपचारावाचूनही भरून येतो, आणि रोगी त्याचे श्रेय एखाद्या मलमाला देऊन निर्धास्त होतो. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ उठले तर ते उष्णतेच्या खाती जमा होते, आणि तेही मावळल्यावर रोग वर्षानुवर्षे दफ्तरदाखल राहून कधी हृदयावर, कधी मेंदूवर आपली वसुली बजावतो. वेळीच रक्त तपासले असते, तर २४ लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनात हे प्रकरण निकालात निघाले असते!

परमा पुरुषांत निदान पुवाने व जळजळीने वर्दी देतो. स्त्रियांत मात्र तो आणि क्लॅमिडिया पुष्कळदा मुकाट असतात, आणि गर्भनलिका बंद झाल्यावर वांझपणाचा ठपका त्या निरपराध बाईवरच येतो. प्रयोगशाळा नसेल तेथे लक्षणसमूह पाहून करड्या, पांढऱ्या अशा रंगांच्या संचांतून औषधे देण्याची शासकीय पद्धत सोयीची खरी. पण जिला लक्षणच नाही तिला ती गाठणार कशी? परम्याच्या जंतूने तर सल्फा, पेनिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी एकेक औषधे निष्प्रभ केली असून आज आपली मुख्य भिस्त सेफ्ट्रिअॅक्सोनवर आहे, हे ठाऊक असूनही दुकानदाराच्या सल्ल्याने गोळ्या घेण्याचा रिवाज बिनदिक्कत चालू आहे.

म्हणून प्रत्येक गरोदर स्त्रीची उपदंशासाठी रक्ततपासणी आणि रोग्याबरोबर त्याच्या जोडीदाराचाही उपचार, या दोन बाबी आपल्या ठरावांत अग्रक्रमाने याव्यात, अशी स्वागतसमितीच्या वतीने विनंती करून मी अध्यक्षमहाराजांना आसन ग्रहण करण्याची प्रार्थना करतो.