बाहुल्यांचे राक्षस आणि प्रेक्षकांचा न्याय

अद्भुतरम्य चित्रपटाविषयी प्रेक्षकांचे एकमत झाल्याचे सहसा आढळत नाही. ज्याला त्यातील राक्षस पाहून लहानपणी झोप लागली नव्हती, तोच मोठेपणी त्या राक्षसाला हसतो. आणि ज्याला प्रथमदर्शनी हसू आले, तो त्यामागील कष्ट समजल्यावर गंभीर होतो. १९६३ साली प्रदर्शित झालेला ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ हा इंग्रजी चित्रपट अशा मतभेदांचे उत्तम उदाहरण होय. त्याला साठ वर्षे उलटून गेली, तरी त्याच्याविषयीचा वाद मिटलेला नाही.

कथा ग्रीक पुराणातील आहे. राज्याचा न्याय्य वारस असलेला जेसन सोनेरी मेंढ्याचे कातडे आणण्यासाठी निवडक वीरांसह ‘आर्गो’ नावाच्या जहाजातून निघतो. वाटेत टॅलोस नावाचा ब्राँझचा प्रचंड पुतळा जागा होतो. आंधळ्या फिनियसचे अन्न पळविणाऱ्या पंखधारी हार्पींना जाळ्यात पकडावे लागते. कातड्याचे रक्षण करणाऱ्या हायड्रा या सात तोंडांच्या नागाला मारावे लागते. आणि त्याच नागाचे दात जमिनीत पेरले असता त्यांतून सात सांगाडे ढाल-तलवारी घेऊन उभे राहतात. रक्तबीजाच्या प्रत्येक थेंबातून नवा दैत्य उत्पन्न झाल्याची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही.

हे राक्षस रे हॅरीहाउसेन (१९२०–२०१३) या अमेरिकन कारागिराने घडविले. वयाच्या तेराव्या वर्षी, १९३३ साली, ‘किंग काँग’ पाहून त्याने हा मार्ग धरला. त्याची रीत समजावयास सोपी, परंतु आचरावयास अतिशय कठीण आहे. आत धातूचा सांधेदार सापळा असलेली लहानशी बाहुली घ्यावयाची, तिचा हात किंचित हलवावयाचा, एक चित्र घ्यावयाचे. पुन्हा किंचित हलवावयाचा, पुन्हा एक चित्र. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी अशी चोवीस चित्रे लागतात. सात सांगाड्यांची डोकी, हात आणि पाय मिळून पस्तीस अवयव झाले. ते प्रत्येक चित्रासाठी ध्यानात ठेवून हलवावयाचे आणि आधी चित्रित केलेल्या खऱ्या नटांच्या तलवारीशी त्यांचा मेळ घालावयाचा. पडद्यावर काही मिनिटांत संपणाऱ्या या युद्धासाठी साडेचार महिने खर्ची पडले. वीतभर उंचीच्या त्या बाहुल्यांना हात लावणारा माणूस मात्र पडद्यावर कोठेही दिसत नाही.

आता प्रेक्षकांची मते पाहू. पहिला आक्षेप असा की, या राक्षसांची हालचाल तुटक वाटते. तो खरा आहे आणि त्याचे कारणही स्पष्ट आहे. धावत्या माणसाचे चित्र घेतले की ते किंचित पुसट येते आणि ही पुसटताच डोळ्याला वेगाचा भास करून देते. बाहुली मात्र चित्र घेतेवेळी स्थिर असते. म्हणून तिचे प्रत्येक चित्र रेखीव येते आणि एकापुढे एक ठेवले असता धक्के जाणवतात. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’पासून संगणकाने ही उणीव भरून काढली. त्या चित्रपटावर वाढलेल्या तरुणांना जुने सांगाडे खेळण्यातले वाटले, तर त्यांना दोष देता येत नाही.

तथापि टॅलोसच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. ब्राँझचा पुतळा माणसासारखा लवचिकपणे चालू लागला, तर तो पुतळा कसला? एरवी हालचाल सफाईदार व्हावी म्हणून धडपडणाऱ्या हॅरीहाउसेनने येथे ताठरपणा बुद्ध्याच ठेवला. तो पुतळा मान वळवतो तेव्हा धातू करकरल्याचा आवाज येतो आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा उठतो. दुर्योधनाची मांडी तशी याची टाच. तेथील झाकण उघडले की त्याचे प्राण वाहून जातात. मरता मरता तो स्वतःचा गळा धरतो, तेव्हा भयाच्या जागी करुणा उत्पन्न होते.

दुसरा आक्षेप विद्वानांचा आहे. मूळ ग्रीक काव्यात टॅलोस परतीच्या वाटेवर भेटतो, चित्रपटात तो जातानाच भेटतो. हायड्रा हा वस्तुतः हेराक्लीसचा शत्रू. त्याला येथे कातड्याच्या राखणीस बसविले आहे. दातांतून उगवणारे योद्धेही मूळ कथेत हाडामांसाचे आहेत. परंतु ज्या देशात रामकथा प्रत्येक भाषेत निराळी सांगितली जाते आणि कीर्तनकार रोज नवे आख्यान लावतो, तेथील श्रोत्याने या बदलांचा बाऊ करण्याचे कारण नाही. तिसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागेल. नायकाचे काम सामान्य आहे आणि कथा मध्येच तोडल्यासारखी संपते. राक्षस जितके जिवंत, तितकी माणसे जिवंत नाहीत, असे म्हणणाऱ्यास उत्तर देणे कठीण आहे.

या वादाचा संबंध महाराष्ट्राशीही पोहोचतो. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी वाटाण्याचा दाणा कुंडीत पेरला आणि त्याची वाढ थोड्याथोड्या अंतराने टिपून ती पडद्यावर क्षणार्धात घडवून दाखविली. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटात काड्याही याच रीतीने नाचविल्या. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या, तरीही पडद्यावर राम येताच प्रेक्षक पादत्राणे काढीत, असे सांगतात. नट आपल्यासारखाच माणूस आहे हे त्यांना ठाऊक नव्हते काय? अवश्य ठाऊक होते. ते ठाऊक असूनही त्यांचा भाव उणावला नाही.

आदिलाबाद जिल्ह्याला हे निराळे सांगावयास नको. पैनगंगेच्या काठच्या या मुलखात मराठी, तेलुगू आणि गोंडी या भाषा शेजारी शेजारी नांदतात. दिवाळीच्या सुमारास राजगोंडांच्या गावांतून दंडारीबरोबर गुस्साडी निघतात. मोरपिसांचा भव्य मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडे आणि खोटी दाढी असा वेष धारण केलेला तो पुरुष कोणाचा मुलगा आहे, हे सर्व गाव जाणते. तरीही मुकुट मस्तकावर असेपर्यंत त्याच्यात देवाचा वास आहे, अशी भावना असते. मुकुट कसा बांधला हे पाहिलेली मुलेही त्याच्यासमोर आदराने उभी राहतात. युक्ती कळली की आश्चर्य संपते, असे मानणाऱ्यांनी या दृश्याचा विचार करावा.

निर्मल हे गाव २०१६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. तेथील कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडातून पक्षी, प्राणी आणि फळे कोरतात, त्यांवर चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांचा लेप देतात आणि मग रंग भरतात. ते लाकूड आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही आणि साच्यातून निघालेल्या स्वस्त वस्तूंशी सामना आहे. साच्यातला पोपट अधिक गुळगुळीत असतो, यात शंका नाही. वस्तू किती गुळगुळीत आहे, एवढ्यावरच तिची किंमत ठरू लागली, तर निर्मलचा नकाशकार आणि हॅरीहाउसेनचा सांगाडा हे दोघेही एकाच दिवशी हरतील. म्हणून चित्रपटाविषयी प्रेक्षक काय मत देतो, हा केवळ करमणुकीचा प्रश्न राहत नाही. तोच प्रेक्षक उद्या बाजारात गिऱ्हाईक म्हणून उभा राहणार असतो.

याचा अर्थ जुने ते सर्व चांगले, असा नव्हे. संगणकापुढे बसलेला कलावंतही कष्ट करतो आणि हाताने केलेले कामही पुष्कळदा निकृष्ट असते. प्रेक्षकाने आपले मत अवश्य द्यावे, कंटाळा आला तर तसेही सांगावे. फक्त न्याय देण्यापूर्वी वस्तू कशी घडली, हे जाणून घ्यावे. १९९२ साली अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने हॅरीहाउसेनचा विशेष पारितोषिक देऊन गौरव केला. तोवर सांगाड्यांचे युद्ध पडद्यावर येऊन एकोणतीस वर्षे झाली होती. लहानपणी ते पाहून भारावलेली मुले मधल्या काळात स्वतः चित्रपट काढू लागली होती.

शाळांतून आणि घरांतून यासाठी एक सोपा प्रयोग करता येण्याजोगा आहे. हा चित्रपट मुलांना दाखवावा आणि त्यांना हसावयाचे असेल तर मोकळेपणी हसू द्यावे. मग पोळ्यासाठी करतात तसा मातीचा एक बैल त्यांच्याकडून करवून घ्यावा, मोबाईल कॅमेरा एका जागी पक्का ठेवावा आणि बैलाचा पाय केसभर हलवीत चोवीस चित्रे घ्यावीत. बैल एक सेकंद चालेल; बहुधा अडखळतच चालेल. त्यानंतर मुलांना तेच सांगाडे पुन्हा दाखवावेत आणि त्यांचे मत पुन्हा विचारावे.