अनुभवी उमेदवाराची मुलाखत
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



पहिल्या नोकरीविषयी आपल्या मेळाव्यांतून पुष्कळ बोलले जाते. आज मला बोलायचे आहे ते दुसऱ्या नोकरीविषयी. भोर-वेल्ह्याची कित्येक मुले शिकून शिरवळच्या किंवा भोसरीच्या कारखान्यांत लागली. सहा-सात वर्षे झाली, लग्न झाले, घराचा हप्ता सुरू झाला. आता त्यांपैकी काहींना, आणि मुलींनाही, सल्लागार कंपन्यांचे दरवाजे दिसू लागले आहेत. कन्सल्टिंग म्हणतात ते हेच. दुसऱ्याच्या धंद्यात काय बिघडले आहे ते शोधायचे आणि उपाय सुचवायचा, असे हे काम आहे.

"आपण कारखान्यातली माणसे, सल्ला कोणाला देणार?" असे ही मुले म्हणतात. हा संकोच व्यर्थ आहे. आपल्या शेजारच्या मुळशीच्या धरणाचे पाणी कोकणात भिऱ्याला उतरते आणि टाटांची वीज तयार होते. त्या वीज कंपनीत फकीरचंद कोहली हे अभियंते १९५१ साली रुजू झाले आणि वीजवाटपाच्या नियंत्रणाचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. १९६८ साली निघालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये ते १९६९ साली गेले. म्हणजे सल्लागार होण्यापूर्वी त्यांच्या गाठीशी सुमारे १८ वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव होता.

परंतु अनुभव असणे वेगळे आणि तो सांगता येणे वेगळे. आपल्या घरांतून लहानपणापासून शिकवण असते की "मी, मी" करू नये. ती अदब चांगलीच आहे. मात्र मुलाखतीत तीच आड येते. "आमच्या विभागाने मशीन बंद राहण्याचे प्रमाण कमी केले" असे उमेदवार सांगतो आणि थांबतो. समोरच्याला हवे असते ते निराळेच. आधी मशीन महिन्यातून किती तास बंद राहत होते? कारण कोणी शोधले? तुम्ही स्वतः काय मोजले? विरोध कोणी केला आणि त्याची समजूत कशी घातली? शेवटी किती तास वाचले? असे चार-पाच प्रसंग वहीत लिहून काढा. केले तेवढेच सांगा. फुगवलेला आकडा दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला फुटतो. जुन्या कंपनीचे गुप्त दर, ग्राहकांची नावे मात्र सांगू नका. ती तुमच्याकडची अमानत आहे, आणि आज जुन्या मालकाचे गुपित उघड करणारा उद्या आपलेही करील, हे समोरचा ओळखून असतो. नोकरी का सोडता असे विचारल्यावर जुन्या साहेबाची गीबतही नको. पुढे काय शिकायचे आहे ते सांगावे.

आता खरी कसोटी. या कंपन्या पुष्कळदा एखाद्या धंद्याची अडचण समोर ठेवतात आणि "सोडवा" म्हणतात. तिला ते 'केस' म्हणतात. अनुभवी माणसाला बहुधा त्याच्याच क्षेत्रातली देतात. याचा सराव करायला महागडा क्लास लागतोच असे मला वाटत नाही. आपल्याकडची भातगिरणी घ्या. मालक म्हणतो, नफा घटला, काय करू? लगेच "जाहिरात करा" म्हणणारा तिथेच बाद होतो. आधी विचारा : उत्पन्न घटले की खर्च वाढला? समजा, खर्च तेवढाच आहे. गेल्या हंगामात ३,००० क्विंटल भात आले, भरडाई क्विंटलला २०० रुपये, म्हणजे ६ लाख. यंदा २,४०० क्विंटल, म्हणजे ४ लाख ८० हजार. तूट १ लाख २० हजारांची. मग भात का कमी आले? साऱ्या खोऱ्यात पीक कमी झाले, की शेतकरी दुसऱ्या गिरणीकडे गेले? गेले असतील तर कशासाठी? तिथे दर कमी आहे, की इथे कणी जास्त पडते, की दिवसभर रांगेत बसावे लागते? मालक म्हणेल, दर वाढवून तूट भरतो. हिशेब करा : त्याला २५० रुपये दर लावावा लागेल, आणि कणीला कंटाळलेला शेतकरी तर आणखीच दूर जाईल. तेव्हा आधी यंत्र दुरुस्त करा, असे सांगता येते, आणि त्यासाठी किती खर्च परवडेल तेही. मुलाखत घेणारा उत्तरापेक्षा ही पायरी-पायरीची वाट पाहत असतो. हिशेब कागदावर आणि मोठ्याने करा, म्हणजे तुमचा विचार त्याला दिसतो.

इंग्रजीची भीती मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांच्या मुलांना सारखीच आहे. हीच गिरणी रोज रात्री अर्धा तास इंग्रजीत भावाला किंवा पत्नीला समजावून सांगा. ऐकणाऱ्याला इंग्रजी थोडे कमी येत असेल तर उत्तमच; वाक्ये आपोआप सोपी होतात.

नाव पाहून नाकारतात, असे पालक मला खाजगीत सांगतात. कोठेच असे होत नाही, असे मी म्हणणार नाही. पण त्या भीतीने अर्जच न करणे म्हणजे नकार आपणच स्वतःला देणे होय. मुलाखत शुक्रवारी दुपारी ठेवली असेल तर सरळ पत्राने दुसरी वेळ मागावी; त्यात संकोच कसला? मुलाखत फोनच्या पडद्यावर असेल तर वेल्ह्याच्या डोंगरात रेंजच्या भरवशावर राहू नका. आदल्या रात्रीच पुण्याला नातेवाइकांकडे मुक्कामाला जा.

आणि पालकहो, निवड झाल्याचा नुसता फोन आला म्हणून पेढे वाटू नका आणि मुलाला राजीनामाही देऊ देऊ नका. नेमणुकीचे लेखी पत्र हाती येऊ द्या. पगारातला निश्चित भाग किती आणि कामगिरीवर अवलंबून किती, ते त्यात पाहा. जुन्या कंपनीत नोटिशीची मुदत दोन-तीन महिन्यांची असेल तर नवी कंपनी तेवढी थांबेल का, हेही आधीच लेखी विचारून घ्या. घराचा हप्ता त्या महिन्यांतही भरायचाच असतो.