गॅसेस नव्हते ते!

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'आरोग्य आणि मी' असा विषय दिला आहे. मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे आरोग्यापेक्षा आकडे जास्त कळतात. तेव्हा आकड्यांपासूनच सुरुवात करतो. जानेवारी २०१३ मध्ये माझं वजन १२१ किलो होतं. पुढच्या वर्षी ते ८४ वर आलं. तुम्ही सगळ्यांनी विचारलंत, "काका, कसं कमी केलंत?" मी सांगत आलो, "चालून. आणि रात्रीचा भात बंद."

ते खोटं होतं. आज या सभेत, इतिवृत्तात नोंद होईल अशा बेताने, ते कबूल करतो. मी वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. गॅस्ट्रिक बायपास. 'मुलाकडे बंगलोरला चाललोय' असं सांगून गेलो होतो, तो दवाखान्यात होतो. माझ्या सांगण्यावरून 'बी' विंगमधल्या एका मित्राने रोज सकाळ-संध्याकाळ मैलोन् मैल चालायला सुरुवात केली. त्याचं वजन दोन किलो उतरलं आणि दोन्ही गुडघे धरले. त्याची मी जाहीर माफी मागतो.

लपवलं का? लाज वाटली. खाण्यावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं, असं लोक म्हणतील असं वाटलं. वास्तविक मला रोज दोन वेळा इन्सुलिन लागत होतं, रात्री झोपेत श्वास अडकत होता आणि डॉक्टरांनी विचारपूर्वक सल्ला दिला होता. पण लाजेला हिशेब कळत नाही. या लाजेपायी मी जिवाला मुकलो असतो, तेच सांगायला उभा आहे.

आधी हे ऑपरेशन काय असतं ते थोडक्यात सांगतो. जठराचा वरचा, लहान अंड्याएवढा भाग वेगळा करून त्याची पिशवी करतात. मग लहान आतडं एका ठिकाणी कापून त्याचं खालचं टोक वर आणतात आणि त्या पिशवीला जोडतात. उरलेलं जठर आत तसंच राहतं, त्याचा रस वेगळ्या वाटेने येऊन पुढे आतड्याला मिळतो. थोडक्यात, रेल्वेचे रूळ बदलतात. आता आतडी पोटात मोकळी नसतात, एका पडद्याने मागे धरलेली असतात. रूळ बदलताना त्या पडद्यात फटी पडतात. सर्जन त्या शिवतात. पण वजन उतरतं तशी त्या पडद्यातली चरबीही झडते आणि फट पुन्हा उघडू शकते. मग आतड्याचा एखादा वेढा त्यातून सरकतो, पीळ बसतो आणि रक्त तुटतं. हे महिन्यांनीच काय, वर्षांनीही होऊ शकतं.

मला इशारे मिळाले होते. २०१५ च्या उन्हाळ्यापासून जेवणानंतर कधीकधी बेंबीच्या वर, डावीकडे कळ यायची, पाठीत जायची. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप थांबायची. मी म्हणायचो गॅसेस. बँकेत दहा पैशांचा फरक लागला तरी आम्ही रात्री आठपर्यंत बसून तो शोधायचो. आणि इथे स्वतःच्या पोटातला फरक चार महिने तसाच पुढे ओढत राहिलो.

त्या वर्षीची आपली कोजागिरी आठवते? गच्चीवर भेळ होती, मसाला दूध होतं. मी अर्धा कप दूध आणि दोन घास भेळ खाऊन "ॲसिडिटी आहे" म्हणत लवकर खाली गेलो. साडेअकराला कळ सुरू झाली. बायकोने ओवा दिला, बेंबीला हिंग लावला. मी वर सोडा प्यायलो. कळ यायची, ओसरायची, पुन्हा यायची. दोन वाजता ती ओसरेनाशी झाली. घाम फुटला, बसवेना, झोपवेना.

बायकोने शेजारच्या ४०२ चं दार वाजवलं. आणि लिफ्ट बंद! लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च खजिनदार म्हणून मीच तीन मीटिंगा लांबवला होता. ४०२ मधला मुलगा, त्याचे वडील आणि वॉचमन यांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले खाली नेलं. प्रत्येक पायरीला मला माझी सही आठवत होती.

जवळच्या दवाखान्यात रात्रीचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी प्रथम हृदय तपासलं, कार्डिओग्राम चांगला आला. पोट फुगलेलं नव्हतं. उलटी जेमतेम एकदा झालेली, तीही थुंकीसारखी. एक्स-रेही ठीक. ते म्हणाले, "काका, गॅसेस दिसतायत. इंजेक्शन देतो." त्यांनी विचारलंही, "पूर्वी काही ऑपरेशन?" आणि मी काय केलं? ४०२ चा मुलगा शेजारी उभा होता, म्हणून मी मान हलवली, "नाही." वेदनेने जीव चालला होता, पण शेजाऱ्याला कळू नये ही चिंता!

तेव्हा आमची ही, जिने एकेचाळीस वर्षांच्या संसारात मला चारचौघांत कधी तोडून बोललं नव्हतं, ती मोठ्याने म्हणाली, "खोटं बोलतायत ते! यांचं बायपास झालंय, हृदयाचं नाही, पोटाचं!"

डॉक्टरांचा चेहराच बदलला. त्यांनी लगेच माझ्या सर्जनना फोन लावला. सर्जन म्हणाले, थांबू नका, सीटी स्कॅन करा आणि इकडे पाठवा. स्कॅनमध्ये आतड्याच्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या फिरलेल्या दिसल्या. पहाटे साडेसहाला मी टेबलावर होतो. आतड्याचा मोठा वेढा फटीतून जाऊन पिळला होता आणि काळानिळा पडला होता. पीळ सोडवून, गरम सलाईनचे बोळे ठेवून ते वाट पाहत राहिले, तेव्हा हळूहळू गुलाबी रंग परत आला. कापावं लागलं नाही. फटी पुन्हा शिवल्या. सर्जन नंतर म्हणाले, "दुपारी आला असतात तर आतडं गेलं असतं. कदाचित तुम्हीही."

त्या तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना खोटी माहिती देणारा मी होतो. नेहमीच्या अडथळ्यात पोट फुगतं, हिरव्या उलट्या होतात, शौच आणि वारा बंद होतो. बायपास झालेल्या माणसात यातलं काहीच नसू शकतं. उलटी थोडी, पोट मऊ, एक्स-रे स्वच्छ. कधीकधी सीटीतही दिसत नाही आणि दुर्बिणीने आत बघावं लागतं. म्हणून कळ हीच मुख्य खूण धरायची.

बरं होण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी धरून कॉरिडॉरमध्ये चालवलं. रोज राउंडला एकच प्रश्न, "हवा सरली का?" तिसऱ्या दिवशी पहाटे ती सरली. ऑफिसर म्हणून प्रमोशन मिळालं तेव्हाही मी इतक्या आनंदाने बेल वाजवली नव्हती! मग घोट-घोट पाणी, गाळलेली पेज, नारळपाणी, पातळ वरण. घुसळलेल्या मूगडाळ खिचडीवर यायला दोन आठवडे गेले. सहा आठवडे जड उचलायचं नाही असा हुकूम होता. घरी आलो तेव्हा त्याच खुर्चीत, त्याच मुलांनी मला वर नेलं. पुढच्या मीटिंगमध्ये लिफ्टचा ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक मी होतो.

आता कामाच्या गोष्टी. घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर त्याचं नाव, तारीख आणि सर्जनचा फोन लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा, फोटो घरच्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा. जेवणानंतर कळ वारंवार येत असेल तर ती थांबली तरी सर्जनना दाखवा. कळ थांबतच नसेल तर तोंडाने काही देऊ नका. सोडा नाही, एरंडेल नाही, चूर्ण नाही, मनाने वेदनाशामक गोळी तर नाहीच. जिथे रात्री सीटी आणि सर्जन दोन्ही मिळतील तिथेच जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. नाकातून नळी घालायची वेळ आली तर आधी सांगा की जठर लहान केलेलं आहे, ती अंदाजाने ढकलायची नसते. बरेच दिवस उलट्या होत असतील तर बी-१ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा, त्याच्या कमतरतेने मेंदूला इजा होऊ शकते.

आणि ज्यांना वाटतंय की हे आपल्यासाठी नाही, त्यांनाही सांगतो. अपेंडिक्स, गर्भाशय, हर्निया, पोटाचं कुठलंही ऑपरेशन झालेलं असलं तरी आतडी आतून चिकटून पुढे कधीतरी अडथळा येऊ शकतो. तेव्हा जुनं ऑपरेशन जुनं म्हणून विसरू नका, डॉक्टरांना सांगा.

ऑपरेशनचा मला पश्चात्ताप नाही. इन्सुलिन सुटलं ते सुटलंच. जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, दरवर्षी रक्त तपासायचं, एवढा हप्ता भरतो. पश्चात्ताप आहे तो लपवल्याचा. ४०२ च्या मुलाने त्या रात्री सगळं ऐकलं होतं. दहा वर्षांत त्याने कुणाजवळ एक अक्षर काढलं नाही. मी ज्याच्यापासून लपवत होतो, त्यानेच माझी लाज राखली.

मग आज का बोललो? कारण आपल्याच इमारतीतल्या दोन तरुणांनी अलीकडे मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, खरंच नुसतं चालून?" ते या ऑपरेशनचा विचार करत आहेत. त्यांना खोटं सांगवेना.

पंचवीस वर्षांत या सोसायटीने मला पार्किंगवरून भांडताना पाहिलं, मेंटेनन्सवरून ओरडताना पाहिलं. खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं तेही याच सोसायटीने. अशा माणसांपासून पोटातलं काय लपवायचं?